तिसरा रकाना

दसरा आठवड्यावर आला की म्हैसूर शहराचे रूप पालटू लागते. घराघरांतून माळ्यावरच्या लाकडी पेट्या खाली उतरतात आणि जुन्या रेशमी फडक्यांत गुंडाळलेल्या बाहुल्या वर्षानंतर उजेड पाहतात. सरस्वतीपुरमातल्या एका मराठी घरात मात्र त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या त्या वह्या. जूनमध्ये सुरू झालेले सत्र अर्धे सरले होते. सात वर्षांची मुलगी घरीच शिकत होती आणि तिची आई तिच्या प्रगतीचा हिशेब करायला बसली होती.

घरी शिकवण्याचा निर्णय कोणत्याही तत्त्वज्ञानातून आलेला नव्हता. गेल्या वर्षी शाळेत जाता जाता मुलगी अबोल होत गेली होती. घरात मराठी, अंगणात कन्नड आणि वर्गात इंग्रजी अशा तीन प्रवाहांत तिचा पाय ठरत नव्हता. वडिलांनी घरच्या अभ्यासाला संमती दिली होती, पण एका अटीवर. दसऱ्याच्या सुमारास आढावा घ्यायचा आणि समाधान झाले नाही, तर पुढल्या जूनमध्ये पुन्हा शाळा. त्यामुळे त्या वह्यांवर पुष्कळ काही अवलंबून होते.

शिवाय अशा घरांच्या मनात कायद्याची अस्पष्ट धास्ती असतेच. २००९ साली संमत झालेल्या आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला; घरच्या शिक्षणाला मात्र त्यात स्वतंत्र स्थान नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे, म्हणजे आताच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे, तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष असे टप्पे आहेत. पुष्कळ पालक त्यांच्या आधाराने वाट काढतात. पण सात वर्षांच्या मुलीपुढे तूर्त एकच परीक्षक होता, आणि तो तिची आईच होती.

आईने वहीत दोन रकाने आखले होते : ठरवलेले आणि झालेले. मराठी वाचन ठरल्याप्रमाणे झाले होते. लेखन थोडे मागे होते. गणितापाशी येऊन मात्र तिची लेखणी थबकली. सकाळीच तिने वीस संख्या उच्चारून लिहायला सांगितल्या होत्या. त्यांतल्या नऊ चुकल्या होत्या. 'पंचवीस' म्हटल्यावर मुलीने ५२ लिहिले होते, 'एकोणतीस' म्हटल्यावर ३९. नऊ लाल वर्तुळांकडे पाहताना आईला वाटले, चार महिने वाया गेले. आजींनी चष्म्यातून वहीवर नजर टाकली. कोल्हापूरच्या शाळेत पावकी-निमकी पाठ केलेल्या त्या बाई. "पाढे घटवले नाहीत, दुसरं काय?" एवढेच त्या म्हणाल्या. आईने 'झालेले' या रकान्यात लिहिले : संख्याज्ञान कच्चे.

तेवढ्यात दारावर फुलवालीची हाक आली. म्हैसुरात मोगऱ्याची माळ मोळाने विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा हात. मुलगी धावत गेली. भाव काय, तीन मोळांचे किती झाले, दिलेल्या नोटेतून परत किती यायला हवेत, हा सारा व्यवहार तिने कन्नडमधून, बोटे न मोजता केला. परत आलेले पैसे 'इप्पत्तैदु' म्हणून आईच्या हातावर ठेवले आणि ती पुन्हा अंगणात पळाली. इप्पत्तैदु, म्हणजे पंचवीस.

आईने तिला परत बोलावले. सकाळच्याच वीस संख्या आपल्या मोडक्यातोडक्या कन्नडमधून पुन्हा सांगितल्या. या खेपेस चुकली ती एकच, आणि तीही बहुधा आईच्या उच्चारामुळे.

कारण उघड होते. फक्त ते सकाळी दिसले नव्हते. कन्नडमध्ये आधी वीस येतात, मग पाच, आणि लिहितानाही तोच क्रम असतो. मराठीत पाच आधी उच्चारायचे आणि लिहायचे मात्र मागाहून. एकोणतीस तर नावात तीस सांगते आणि लिहिताना दोनाने सुरू होते. मुलीने कानाला ऐकू आले तसे प्रामाणिकपणे लिहिले होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी संख्यानामांची जोडवाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण परोपरीने समजावून सांगितली होती. दूरच्या म्हैसुरात ती चर्चा आईने वर्तमानपत्रात वाचली होती. आपल्याच टेबलावर ती एक दिवस लाल वर्तुळे होऊन बसेल, हे तिच्या ध्यानी आले नव्हते.

तिने 'संख्याज्ञान कच्चे' ही अक्षरे खोडली. पण हायसे वाटण्याऐवजी तिला वेगळीच रुखरुख लागली. मुलीला संख्या येत होत्या. त्या शिकवल्या कोणी? ती वहीची पाने मागे उलटू लागली. कन्नड अक्षरे मुलगी शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाबरोबर बसच्या पाट्या वाचता वाचता शिकली होती. वजाबाकी पक्की झाली ती कवड्यांच्या चौकाबाऱ्यात, त्याच्याच ओसरीवर. जे जे उत्तम जमले होते, ते ते कोणाच्या तरी संगतीत जमले होते. जे आईने एकटीने, दार लावून, शांततेत शिकवले होते, तेच लंगडे राहिले होते.

या शहराला घरच्या शिक्षणाचा एक थोर दाखला आहे. चौथे कृष्णराज वडियार अकराव्या वर्षी, १८९५ साली, गादीवर आले. लोकरंजन महालात त्यांचे शिक्षण झाले. त्यांचे शिक्षक स्टुअर्ट फ्रेझर यांनी त्याआधी कोल्हापूरच्या शाहू महाराजांना धारवाडमध्ये शिकवले होते. राजपुत्राला शिक्षकांची वाण नव्हती, तरीही सोबत शिकायला मुले जमवावी लागली. त्या सोबत्यांपैकी एक मिर्झा इस्माईल. पुढे १९२६ ते १९४१ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खासगी शिक्षकाच्या हाताखाली वाढलेल्या या दोन्ही राजांनी आपल्या प्रजेला मात्र शाळेची वाट दाखवली. म्हैसुरात १९१३ साली प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचा कायदा झाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली ते सक्तीचे आणि मोफत केले. घरी शिकणे म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले होते, त्यांनी वर्गाची किंमत ओळखली होती.

संध्याकाळी वडील आले. आईने वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यात आता तिसरा रकाना होता. त्यावर लिहिले होते : 'कोणासोबत'. खालच्या बऱ्याच ओळी कोऱ्या होत्या. वडिलांनी वही दोनदा वाचली.

"म्हणजे मुलगी नापास नाही," ते म्हणाले.

"नाही. पण मी निम्मीच पास आहे," आई म्हणाली.

त्या रात्री जूनचा निर्णय झाला नाही. ठरले ते इतकेच, की अभ्यास सकाळपुरता टेबलावर राहील आणि दुपारी दार उघडे राहील. शाळेचा प्रश्न मार्चमध्ये, तिसरा रकाना कितपत भरला आहे ते पाहून, पुन्हा काढायचा.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी शेजारच्या घरी बाहुल्यांच्या पायऱ्या लागल्या. हळदीकुंकवाला गेलेल्या आजींनी नातीला आणि त्या मुलाला बाहुल्या मोजायला लावल्या. तीस भरल्या. आजींनी एक बाहुली उचलून पदराआड धरली.

"आता तिसाला किती उणे?"

"एक," मुलगी म्हणाली.

"एक उणे तीस. एकोणतीस."

मुलगी क्षणभर पायऱ्यांकडे पाहत राहिली. मग ती शेजारच्या मुलाकडे वळली आणि त्याला कन्नडमधून ते सारे नीट समजावून सांगू लागली.