नाडीपरीक्षा

माणूस अंथरुणाला खिळला की त्याच्याभोवती जितके वैद्य जमतात, त्याहून अधिक संगणक मंदावला की जमतात, असा माझा अनुभव आहे. माणसाच्या बाबतीत कोणी तरी आधी नाडी पाहतो. संगणकाच्या नशिबी तेवढेही नाही, थेट औषधच!

आमचा टेबलावरचा संगणक २०१४ सालचा. २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ ला मिळणारा कंपनीचा आधार संपला, तेव्हा भाच्याने त्यावर लिनक्स मिंट घालून दिले. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हौसेखातर लिहायला घेतला. पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. फुकट मिळते आणि जुन्या यंत्राला सांभाळून घेते, म्हणून आमच्यासारख्या पेन्शनवाल्या घराला ते मानवले. पाच वर्षे कुरकुर नव्हती. २०२५ च्या पावसाळ्यात मात्र त्याचे काही तरी बिनसले. फाइल उघडायला सांगावी, आत जाऊन चहा टाकावा, गाळावा, कप घेऊन यावे, तरी हा आपला विचारातच! मध्येच पडदा गोठायचा. पडद्यावरचा बाण तेवढा हलायचा, बाकी सारे स्तब्ध. पंधरा-वीस सेकंदांनी जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

हे म्हणाले, "म्हातारा झालाय तो. नवा घेऊ." शेजारच्या काकांनी "व्हायरस!" एवढाच शब्द उच्चारून मान हलवली. दुकानदाराने तर यंत्र न उघडताच जुन्या डब्याचे आठशे रुपये देऊ केले. आणि भाचा फोनवरून म्हणाला, "मामी, सरळ फॉरमॅट मार. एक्सएफसीई नावाचं हलकं डेस्कटॉप टाकू, सुसाट पळेल बघ."

मी कोणाचेच ऐकले नाही, याला दोन कारणे होती. एक म्हणजे माझी टेलिफोन एक्स्चेंजमधली तीस वर्षांची नोकरी. तक्रार आली की आधी दोष लाइनीत आहे की यंत्रात हे तपासायचे, मग माणूस धाडायचा, ही तिथली शिस्त हाडीमांसी खिळलेली. दुसरे कारण माझ्या सासूबाई.

१९८८ साली ह्यांनी गावच्या घरी टेपरेकॉर्डर नेऊन सासूबाईंच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. नुसते बसून म्हणायला त्या तयार नव्हत्या. "जातं फिरल्याशिवाय ओवी येत नाही," असे म्हणून त्यांनी खरोखरच दळण घेतले आणि हे शेजारी माइक धरून बसले. १९९६ साली त्या गेल्या. त्या अकरा कॅसेटी २०१५ साली संगणकावर उतरवल्या आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत मूळ फितींना बुरशीने खाल्ले. आता तो आवाज होता तो ह्या डब्यातच. रोज दुपारी थोडे थोडे ऐकून मी त्या ओव्या वहीत लिहीत होते. चार कॅसेटी व्हायच्या होत्या. अशा डब्यावर 'फॉरमॅट' हा शब्द मी कसा सोसावा?

तेव्हा एका दुपारी टर्मिनल उघडले आणि 'टॉप' ही आज्ञा दिली. ही लिनक्सची नाडी. आत कोण काय करते आहे आणि किती खाते आहे, ते सारे पडद्यावर सरकू लागते.

संगणकाचे घर स्वयंपाकघरासारखे असते. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाकीण, मेमरी म्हणजे तिचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओटा अपुरा पडला की ती भांडी माळ्यावर चढवते-उतरवते आणि स्वयंपाक खोळंबतो. आमचा ओटा चार जीबीचा, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. 'फ्री' ही आज्ञा दिली तर मोकळी जागा जेमतेम दोनशे एमबी! पण हा आकडा पाहून घाबरायचे नसते. रिकामी मेमरी लिनक्सला बघवत नाही; नुकतेच वाचलेले सामान तो तिथे हाताशी मांडून ठेवतो आणि कोणी जागा मागितली की निमूट आवरतो. पाहायचा तो शेवटचा, 'अव्हेलेबल'चा रकाना. तिथे दीड जीबी होते. माळ्यावर चढवलेलेही जवळजवळ काही नव्हते. ओटा निर्दोष सुटला आणि त्याबरोबर भाच्याचे हलके डेस्कटॉपही.

आता खरी गंमत. 'टॉप'च्या माथ्यावर 'लोड अॅव्हरेज' म्हणून तीन आकडे असतात: गेल्या एका, पाच आणि पंधरा मिनिटांचे. आमचा प्रोसेसर चार गाभ्यांचा. भार सात दाखवत होता. म्हणजे घाम फुटायला हवा. पण प्रत्यक्ष काम चार टक्के! हे कोडे उलगडते ते एका गोष्टीने. लिनक्स भार मोजताना काम करणाऱ्यांबरोबर डिस्कची वाट पाहत ताटकळलेल्यांनाही मोजतो. त्याच ओळीत 'डब्ल्यू-ए' अशी दोन अक्षरे असतात, वाट पाहण्याची. त्यांच्यापुढे आकडा होता ७८. स्वयंपाकीण आळशी नव्हती, म्हातारीही झाली नव्हती. माळ्यावर चढलेला गडी खाली येत नव्हता.

कर्नलची रोजनिशी उघडली, तर त्यात वाचनदोषाच्या ओळींमागून ओळी. मग 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कलाच विचारले. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दुखण्याचा हिशेब ठेवते. विचारणारे कोणी नसते एवढेच. जिथले वाचन खात्रीने होत नाही अशा १३६ जागा तिने मांडून दाखवल्या. अशा जागी अडखळली की डिस्क लगेच हार मानत नाही. चकती मिनिटाला ७२०० फेरे घेत असते. ती तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तोवर बाकीचे सगळे खोळंबतात. ते पंधरा-वीस सेकंद हेच.

मी तत्काळ संगणक बंद केला. अशा डिस्कला उगीच फिरवणे म्हणजे तापकऱ्याला पळवणे. एक टीबीची एसएसडी आणली. तिच्यात फिरणारे काहीच नसते. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून 'डीडीरेस्क्यू'ला बसवले. हा मोठा शहाणा कारागीर. आधी धडधाकट भाग भराभर उतरवून घेतो, अडले तिथे खूण करून पुढे जातो आणि मग त्या खुणांकडे पुन्हा पुन्हा वळतो. रात्रभर चालले. हे दोनदा उठून पाहून गेले. बोलले काही नाहीत.

सकाळी १३६ पैकी ४८ जागा उरल्या. प्रत्येकी ५१२ बाइट, म्हणजे अवघे २४ किलोबाइट. पाचशे जीबींत हे कुठल्या कुठे! पण ते पडले नेमके सातव्या कॅसेटीत. आठ किलोबाइटला एक सेकंद, या हिशेबाने तीन सेकंद गेले. सासूबाईंचा आवाज चढतो, तुटतो आणि पुढच्या ओवीत निघतो.

वन्संना चिपळूणला फोन लावून तो तुकडा ऐकवला. म्हटले, इथले शब्द तुम्हांला आठवतात का? दोनदा ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, इथे शब्द नव्हतेच. इथे आई जात्यात वैरण घालायची."

हे शेजारी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "शब्द होते. माइक मी धरला होता."

आणि मग बहीण-भाऊ फोनवर तास-दीड तास भांडत बसले.