हरण्या यंदा स्पर्धेत का दिसला नाही



गेल्या महिन्यापासून पाच-सहा जणांनी विचारलं, "यंदा प्रदर्शनात हरण्या दिसला नाही, विकला का?" एकानं तर किती आले तेपण विचारलं. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. आज ज्वारीचं, डाळिंबाचं काही नाही, कुत्र्याचं आहे. आवड नसेल त्यांनी सोडून द्या. पण ज्यांच्याकडं हरण्याची पिल्लं आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

नवीन लोकांसाठी सांगतो. हरण्या म्हणजे आमचं कारवान. कर्नाटकात याच बांध्याच्या कुत्र्याला मुधोळ म्हणतात. लांब तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेलं, रंग हरणाचा. म्हणून हरण्या. कृषी प्रदर्शनातल्या श्वान स्पर्धेत दोन वर्षं पहिला आला. जज मंडळी दात बघायची, चालवून बघायची, पाय मागून बघायची, कुठंच खोट निघाली नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळचं नाव घेतलं, त्यानंतर आपल्या भागात या कुत्र्यांना जरा जास्तच मागणी आली. हरण्याकडं लोक कुत्री घेऊन यायला लागले. तीन कुत्र्या भरल्या, तिन्हींची मिळून १७ पिल्लं झाली. मी एका भरण्याचे पाच हजार घेत होतो, खोटं कशाला बोलू.

मागच्या रब्बीत ज्वारीची पेरणी झाल्यावर एका पहाटे अडीच-तीनला धडपड ऐकू आली. बॅटरी घेऊन गेलो तर हरण्या एका कुशीवर पडलेला, चारही पाय चालवतोय, तोंडाला फेस, लघवी झालेली. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते विष. आदल्या दिवशी डाळिंबावर फवारणी केलेली, वाटलं बादलीतलं पाणी प्याला असेल. दोन मिनिटांत थांबलं. मग उठला, भिंतीला धडकला, मला ओळखेना. अर्ध्या तासानं शेपूट हलवायला लागला आणि भाकरी मागायला लागला.

तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं विचारलं. फवारणीच्या औषधाची बाधा असती तर लाळ थांबली नसती, डोळ्याची बाहुली बारीक झाली असती, जुलाब झाले असते, आणि अर्ध्या तासात भाकरी मागितली नसती. म्हणाले, "काका, पुढची तारीख वेळेसकट लिहून ठेवा आणि मोबाईलवर शूटिंग करा." पुढची तारीख येणार नाही असं मला वाटत होतं. २३ दिवसांनी आली. त्यानंतर एकाच दिवसात दोन.

मग पुण्याला नेला. रक्त तपासलं, साखर, लिव्हर, किडनी सगळं ठीक. दुसरं कारण सापडत नाही, वय साडेतीन, मधल्या काळात कुत्रं एकदम चांगलं, तेव्हा हा फेफऱ्याचा आजार धरायचा असं ठरलं. असला आजार बहुतेक सहा महिने ते सहा वर्षं या वयात सुरू होतो म्हणे. फेनोबार्बिटोनची गोळी चालू झाली. सकाळी सात, संध्याकाळी सात, जन्मभर. मध्येच एकदम बंद केली तर झटके जास्त जोरात येतात. काही महिन्यांनी रक्तात औषध किती आहे ते आणि लिव्हर परत तपासायचं. गोळीनं भूक वाढते, पाणी जास्त पितो, अंगानं सुटतो.

निघताना मी विचारलं, "डॉक्टर, याच्यापासून पैदास?" ते म्हणाले, "हा आजार वंशात उतरू शकतो. या जातीत उतरतोच असं दाखवणारी तपासणी माझ्याकडं नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर याच्यापासून एकही पिल्लू घेतलं नसतं."

आता यात विचार करण्यासारखं काय होतं? शेतकऱ्याला तरी काही नव्हतं. बियाण्याच्या मालदांडीत वेगळं ताट दिसलं तर फुलोऱ्याच्या आधी उपटून आपण बांधाबाहेर टाकतो. कितीकदा ते ताट बाकीच्यापेक्षा उंच आणि जोरकस असतं, तरी उपटतो. खोंडात खोट असली तर त्याला वळू ठेवत नाही. एवढं सगळं माहीत असून मी दोन महिने गप्प बसलो. एका गाववाल्याच्या कुत्रीसाठी आगाऊ पैसे घेतले होते. स्पर्धा तोंडावर होती. गोळीनं झटके थांबले होते, कुणाला कळणार नव्हतं. एक ओळखीचे तर म्हणाले, "अण्णा, बोलू नका कुठं. लांबच्या गिऱ्हाईकाला द्या, चाळीस सहज येतील." आणि मी खरंच दोन दिवस त्याचा हिशेब मांडत होतो.

त्यातून बाहेर काढलं घरच्या कारभारणीनं. तिला कुत्र्याच्या जातीबितीत काही रस नाही. ती एवढंच म्हणाली, "आणि त्या माणसाला गोळीचं कोण सांगणार?" गोळीचं सांगितलं तर चाळीस येणार नाहीत. नाही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी सातला गोळी चुकणार. गिऱ्हाईकाचा विषय तिथंच संपला.

आगाऊ घेतलेले पैसे परत केले. मग तिन्ही कुत्र्यांच्या मालकांना फोन लावले. मंडळी, हे फोन लावायला मला आठ दिवस लागले. नंबर काढायचा आणि मोबाईल ठेवून द्यायचा. सांगोल्याकडचे म्हणाले सहाच्या सहा पिल्लं विकली, कुठं गेली विचारून बघतो. विजापूरकडचे म्हणाले, आमच्यात तसलं काही नाही, तुम्ही उगाच घाबरता. तिसरा फोन जतकडचा. ते गृहस्थ ऐकून घेत होते, मध्येच बोलायचे थांबले. त्यांच्याकडं ठेवलेलं एक पिल्लू दहा महिन्यांचं होऊन मेलं होतं. असेच झटके, फेस, एकामागून एक, सकाळपर्यंत गेलं. त्यांनी धरलं होतं की शेजारच्या वस्तीवाल्यानं विष घातलं. बांधाचा जुना वाद होताच. तेव्हापासून दोन घरांचं बोलणं बंद.

ते पिल्लू फेफऱ्यानंच गेलं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. विषही असेल. पण मला पहिला झटका दिसल्याबरोबर मी जर सांगितलं असतं, तर त्या माणसाला शेजाऱ्याकडं जायला दोन महिने आधी काहीतरी हातात मिळालं असतं. त्यांनी मला वाईट शब्द बोलला नाही. फक्त म्हणाले, "बघतो, जाऊन येतो त्यांच्याकडं." गेले का नाही, मला विचारवलं नाही.

मार्चमध्ये हरण्याला खच्ची केलं. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, बैलाचा चिमटा इथं नाही, भूल देऊन ऑपरेशन आहे, आणि या जातीच्या अंगात चरबी कमी असल्यामुळं काही भुलीची औषधं यांना जड जातात. असली कुत्री माहीत असलेला डॉक्टर बघा, फेफरं असेल तर गोळी चालू आहे हे आधी सांगा. दुसरं, ऑपरेशननंतरही काही आठवडे कुत्री भरू शकते, तेवढे दिवस लांब ठेवा. खच्ची केल्यानं फेफरं बरं होत नाही, तो गैरसमज नको.

पैदास संपली, तरी कुत्रं राहतंच. त्याला ठेवायचं का द्यायचं, हे मला त्याहून अवघड गेलं. खोट असलेला खोंड खच्ची करून आपण औताला लावतो, टाकून देत नाही. हरण्यानं पण घराची राखण केलीच असती. पण आमच्या रानात विहिरीला कठडा नाही, आणि झटका सांगून येत नाही. आमच्याकडं अजून एक कुत्री आणि एक तरणा नर आहे. एकदा हरण्या झटक्यात पडलेला असताना नर त्याच्या अंगावर गेला. कुत्री असं करतात, पडलेल्याला ओळखत नाहीत. वेळेवर पोचलो म्हणून बरं. आणि काढणीच्या दिवसांत आम्ही दोघं पहाटे रानात, संध्याकाळी आठला घरी. फेब्रुवारीत चार वेळा गोळी उशिरा गेली, दोनदा झटका आला. कठडा बांधता येईल, कुत्र्यांना वेगळं बांधता येईल, हे मलाही कळतं. सातला घरात असणारं माणूस कुठून आणायचं?

कारभारीण आधी तयार नव्हती. "बक्षीस होतं तवर आपला, आता नको झाला व्हय?" हे ती सगळ्यांसमोर बोलली. मला उत्तर सुचलं नाही, कारण त्यात थोडं खरं होतं.

शेवटी तिच्याच भावाकडं दिला. तो पंढरपुरात राहतो, शाळेतून रिटायर झालाय, आवाराला भिंत आहे, दुसरं कुत्रं नाही, आणि त्याची बायको स्वतः बीपीची गोळी सातलाच घेते. देण्याआधी महिनाभर तो दर रविवारी येत होता. झटक्याचं शूटिंग दाखवलं. तोंडात हात घालायचा नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, आजूबाजूची वस्तू बाजूला करायची, दिवा कमी करायचा, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट डॉक्टर. तो म्हणाला, "दाजी, जमलं नाही तर परत आणीन, पण दुसऱ्याला देणार नाही." तेवढंच पाहिजे होतं. पैसे घेतले नाहीत. गोळ्यांची वही, तारखांची वही आणि त्याची गोणपाटाची घडी बरोबर दिली.

सव्वा महिना झाला. एकच झटका आलाय, दीड मिनिटाचा. वजन वाढलंय, आता कुठला जज बघणार नाही त्याच्याकडं.

आता कामाचं. हरण्याची १७ पिल्लं होती, एक गेलं. सातांचा पत्ता लागलाय, नऊ कुठं आहेत माहीत नाही. सांगोला, जत, विजापूर या भागातून गेल्या दोन वर्षांत हरणाच्या रंगाचं कारवान पिल्लू घेतलं असेल आणि बाप मंगळवेढ्याचा असं सांगितलं असेल, तर मला मेसेज करा. कुत्रं चांगलं असेल तरी करा. झोपेतून उठून पाय ताठ करणं, एका जागी टक लावून बघणं, हवेत माशी पकडल्यासारखं तोंड मारणं असलं काही दिसत असेल तर शूटिंग करून ठेवा, डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर ते भरायला नेऊ नका. कुणी पाच हजार भरून पिल्लू घेतलं असेल आणि त्यात हे निघालं तर माझ्याशी बोला, मी तोंड लपवणार नाही.