रिकाम्या रात्रींचे गणित

आफ्रिका ही उद्याची बाजारपेठ आहे, असे विमान कंपन्यांच्या सादरीकरणांत वर्षानुवर्षे लिहिलेले असते. तो 'उद्या' काही उजाडत नाही. लोकसंख्या, शहरीकरण, वाढता मध्यमवर्ग हे आलेख खोटे नसतात, पण विमान आलेखावर उतरत नाही. मार्ग ठरवताना खरा प्रश्न असतो तो असा: रोज पन्नास-साठच प्रवासी मिळणाऱ्या गावाला तोट्यात न जाता कसे पोहोचायचे? याचे सर्वांत चांगले उत्तर टर्किश एअरलाइन्सने शोधले, असे माझे मत आहे, आणि त्या उत्तरात वाढीच्या अंदाजांपेक्षा भूगोलाचा आणि विमानाच्या आकाराचा वाटा मोठा आहे.

नकाशा घ्या. इस्तंबूलहून नायजरची राजधानी निआमे सुमारे 4 हजार किलोमीटर, चाडची एन्जामेना साडेतीन हजारांच्या घरात. हे अंतर बोइंग 737 किंवा एअरबस 321 सारखे, मधे एकच पॅसेज असलेले छोटे विमान कापू शकते. मुंबई-नागपूरला आपण बसतो तेवढेच. दुबईहून पश्चिम आफ्रिका बरीच लांब, आणि एमिरेट्सच्या प्रवासी ताफ्यात सगळी मोठीच विमाने. साडेतीनशे आसनांचे विमान निआमेला न्यायचे तर आठवड्यातून जेमतेम एक-दोन फेऱ्या भरतील, आणि माल घेऊन चार दिवसांत परतायचे असलेल्या व्यापाऱ्याला तसल्या वेळापत्रकाचा काडीचा उपयोग नाही. दीडशे आसनांचे विमान तेच प्रवासी चार-पाच फेऱ्यांत वाटून नेते. एका गावाने तेवढेही भरत नसेल, तर दोन गावे एका फेरीत गुंफायची. सोमालियातल्या मोगादिशूची फेरी जिबूतीमार्गे जायची ती याच हिशोबाने. जास्तीच्या उतरण्याचे शुल्क आणि इंधन सोसावे लागते, पण रिकाम्या आसनांपेक्षा ते स्वस्त पडते.

यातला सर्वांत हुशारीचा भाग मात्र वेळापत्रकात दडला आहे. दिवसभर युरोपच्या फेऱ्या करणारे विमान रात्री एरवी उभे राहते, आणि उभ्या विमानाचा हप्ता थांबत नाही. तेच विमान संध्याकाळी आफ्रिकेकडे सोडले, तर ते मध्यरात्रीच्या आसपास उतरते, तासाभरात परत फिरते आणि सकाळी इस्तंबूलला येऊन युरोपच्या पहिल्या उड्डाणांना प्रवासी जोडून देते. आफ्रिकेतल्या कित्येक शहरांत या कंपनीची विमाने अपरात्री येतात-जातात याचे कारण हेच. प्रवासी झोपमोडीबद्दल कुरकुरतो, पण तिकीट काढतो. कारण एका थांब्यात त्याला पॅरिस, बर्लिन किंवा ग्वांगझू गाठता येते. निआमेच्या फेरीचा नफा-तोटा एकट्या निआमेच्या भाड्यावर मोजणे म्हणूनच चुकीचे. शिवाय इस्तंबूल हे नुसते बदलीचे ठाणे नाही. तिथल्या लालेली भागात घाऊक कपड्यांची दुकाने आहेत आणि चिकटपट्टीने आवळलेले गठ्ठे फुटपाथवर रचलेले असतात. बहुतेक आफ्रिकी मार्गांवर 23 किलोच्या दोन बॅगा नेण्याची मुभा आहे, ती अशाच गिऱ्हाइकासाठी. छोट्या विमानाला हे सामान जड जाते आणि कधी गठ्ठे मागे राहतात, ही या पद्धतीची कमकुवत बाजू.

यावर पहिला आक्षेप: हा धंदा नव्हे, तुर्कस्तानचे परराष्ट्र धोरण आहे. कंपनीत सरकारी निधीचा सुमारे 49 टक्के वाटा आहे. 2005 हे वर्ष तुर्कस्तानने 'आफ्रिका वर्ष' म्हणून जाहीर केले. 2002 मध्ये त्या खंडात त्याच्या 12 वकिलाती होत्या, त्या पुढे चाळिसावर गेल्या. तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगान ऑगस्ट 2011 मध्ये दुष्काळी सोमालियात गेले आणि मार्च 2012 मध्ये मोगादिशूची विमानसेवा सुरू झाली. यादवी सुरू झाल्यापासून पूर्व आफ्रिकेबाहेरची एकही मोठी कंपनी तिथे उतरत नव्हती. राजकारण होतेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण आखाती कंपन्यांच्या पाठीशीही सरकारे होती, पैसा तर अधिकच. वकिलातीमुळे उतरायची परवानगी मिळते, आसने भरत नाहीत.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. बाहेरचे असे शिरले की स्थानिक कंपन्या मरतात. इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो: एअर आफ्रिक 2002 मध्ये, नायजेरिया एअरवेज 2003 मध्ये, घाना एअरवेज 2004 मध्ये बुडाली, म्हणजे हा विस्तार जोर धरण्याआधीच. 1999 च्या यामुसुक्रो निर्णयाने आफ्रिकी देशांनी एकमेकांना आकाश खुले करायचे ठरवले, पण अंमलबजावणी इतकी रखडली की 2018 मध्ये एकच बाजारपेठ करण्याची घोषणा नव्याने करावी लागली. तरीही आक्षेपाचा एक भाग उरतो: शेजारच्या देशात थेट जाता आले, तर इस्तंबूलचा फेरा कोण घेईल? म्हणजे थेट विमाने नसण्याची अडचण टिकण्यातच बाहेरच्याचा फायदा आहे. अदिस अबाबात ठाण मांडून इथिओपियन एअरलाइन्सने दाखवले, की हेच गणित खंडाच्या आतूनही जमते.

धोका खरा आहे तो चलनाचा. तिकिटे विकली जातात, पण डॉलर बाहेर निघत नाहीत. अडकलेल्या पैशांमुळेच एमिरेट्सने 2022 मध्ये नायजेरियाची सेवा थांबवली आणि ती ऑक्टोबर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. छोटी विमाने आणि विखुरलेली गावे असली, की एका देशाने हात वर केल्यावर विमान दुसरीकडे वळवता येते.

आपल्याकडे इंडिगोने ऑगस्ट 2023 मध्ये मुंबई-नैरोबी सेवा सुरू केली, तीही छोट्या विमानाने. अंतर साधारण साडेचार हजार किलोमीटर, म्हणजे आवाक्यातले. पण आपल्या विमानांची रात्र तोकडी. देशांतर्गत उड्डाणे मध्यरात्रीपर्यंत चालतात आणि पहाटे पुन्हा सुरू होतात. मोठी उणीव पुढच्या जोडणीची. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने जागेची टंचाई कमी होईल. मात्र नैरोबीहून उतरलेल्या माणसाला बँकॉकचे विमान पकडायला मुंबईच्या जुन्या विमानतळावरून टॅक्सी करून खाडी ओलांडावी लागली, तर तो पुढच्या वेळी सरळ अदिस अबाबामार्गे जाईल.