वर्गणीची पावती

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की तालमीतली मोठी पोरं पावतीपुस्तक घेऊन पेठेत घरोघर फिरायची. आई डाळीच्या डब्यातून पाच रुपये काढायची, पोरगं दारातच उकिडवं बसून नाव लिहायचं आणि फाडलेली पावती देवळीतल्या लाइटबिलांखाली जाऊन पडायची. संघ नक्की कुणाचा, हा प्रश्न आमच्या घरात कधी निघालाच नाही. शाहू स्टेडियमवर आपली पोरं खेळतात. जिंकली तर गल्लीत गुलाल, हरली तर रात्री कुणी कुणाशी धड बोलत नाही. त्यापलीकडं काही असतं, हे ठाऊक नव्हतं.

१९८५ मध्ये मी दक्षिण लंडनमध्ये टूटिंगला एका हिशेबनिसाच्या कचेरीत नोकरीला लागलो, तेव्हा हीच समजूत घेऊन आलो होतो. शनिवारी दुपारी करायला काही नसायचं. खोलीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर एक फुटबॉलचं मैदान आहे असं कळलं आणि एका शनिवारी तिकडं वळलो. प्लाऊ लेन. विम्बल्डन म्हटलं की आपल्या माणसाला टेनिसची हिरवळ आणि पांढरे कपडे आठवतात. फुटबॉलचं विम्बल्डन वेगळ्याच बाजूला होतं. वँडल नावाची अरुंद नदी, कुत्र्यांच्या शर्यतींचं स्टेडियम, गॅरेजं, गोदामं आणि त्यांच्यात दाटीनं बसवलेलं हे मैदान. क्लब १८८९ चा, मैदान १९१२ पासूनचं. पायऱ्यांवर उभं राहून सामना पाहायचा. परतलेल्या कांद्याचा वास, कागदी पेल्यातला पाणचट चहा, आणि थंडी अशी की गोल झाल्यावर टाळ्या वाजवल्या तरी हाताला कळत नसे.

तिथंच मला पोस्टमन काका भेटले. निवृत्त झालेले, नेहमी त्याच पायरीवर, त्याच कठड्याला टेकून उभे. 'काका' म्हणजे काय हे एकदा त्यांना सांगितलं, त्यानंतर त्यांनी मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारू दिली नाही. त्यांच्याकडून मी क्लबचा इतिहास ऐकला, सामन्याच्या मध्यंतरात, पंधरा-पंधरा मिनिटांच्या हप्त्यांनी. १९६३ ची हौशी संघांची अंतिम लढत, एडी रेनॉल्ड्सनं डोक्यानं मारलेले चारही गोल. १९७५ साली लीगबाहेरचा हा संघ बर्नलीत जाऊन पहिल्या विभागातल्या बर्नलीला हरवून आला, आणि पुढच्या फेरीत लीड्सच्या मैदानावर डिकी गाय या गोलरक्षकानं पीटर लोरिमरची पेनल्टी अडवली. सांगता सांगता काका दोन्ही हात पसरून उजवीकडं झुकायचे, आणि मागच्या माणसाचा चहा सांडायचा.

१९७७ मध्ये क्लबला लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि १९८६ मध्ये तो सर्वांत वरच्या विभागात पोचला. नऊ वर्षांत चौथ्यातून पहिल्यात. पुढं १४ मे १९८८ चा वेम्बली. समोर लिव्हरपूल. लॉरी सांचेझचा हेडर, पुढं जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी आणि डेव्ह बीसंटची डावीकडची झेप. एफए चषकाच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. १–० नं चषक आपल्याकडं. मी 'आपल्याकडं' म्हणतोय. त्या दिवशी मी तो शब्द अजिबात विचार न करता वापरला, आणि दक्षिण लंडनमधल्या हजारो माणसांनीही तसाच वापरला. कुणालाही वाटलं नाही की यासाठी कागद लागतो.

आज त्या काळाची ओढ वाटते ती या निश्चिंतपणासाठी. सामना बघायचा, घरी जायचं. क्लबचा ताळेबंद कुणी विचारत नव्हतं. मी दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासणारा माणूस, पण प्लाऊ लेनवर जाताना ती नजर कचेरीतच ठेवून जायचो. ती सोबत नेली असती तर दिसलं असतं की क्लब ही एक कंपनी आहे, तिचे समभाग एका मालकाच्या हाती आहेत, आणि पायऱ्यांवर उभ्या असलेल्या आम्हां सगळ्यांच्या हाती आहे फक्त त्या दिवसाचं तिकीट.

हिल्सबरो मैदानावरच्या १९८९ च्या दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला आणि वरच्या विभागांतल्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्ची हवी, असं ठरलं. ते योग्यच होतं; त्या दुर्घटनेत ९७ माणसं गेली. पण जुन्या प्लाऊ लेनवर ते जमण्यासारखं नव्हतं, असं सांगितलं गेलं. १९९१ मध्ये क्लब क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर भाडेकरू म्हणून गेला. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. काका तिथंही यायचे, दोन बस बदलून, पण टेकायला त्यांचा कठडा नव्हता. प्लाऊ लेनची जागा पुढं सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. मालक सॅम हम्माम यांनी डब्लिनला जाण्याची कल्पना काढली. १९९७ मध्ये नॉर्वेच्या उद्योगपतींनी क्लब घेतला. २००० साली, तारीख पुन्हा १४ मेच, संघ वरच्या विभागातून खाली आला. आणि ऑगस्ट २००१ मध्ये जाहीर झालं की क्लब मिल्टन कीन्सला जाणार. दक्षिण लंडनपासून उत्तरेला जवळजवळ ९० किलोमीटरवरचं ते नवं शहर.

चाहते गप्प बसले नव्हते. त्यांची संघटना होती, निदर्शनं झाली, पत्रं गेली, हंगामी तिकिटांवर बहिष्कार झाला. सगळं झालं. तरी २८ मे २००२ रोजी तीन सदस्यांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक अशा मतांनी स्थलांतराला परवानगी दिली. विम्बल्डनमध्ये नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्या निर्णयात लिहिलं होतं. त्या संध्याकाळी मला आईची पावती आठवली. देवळीतली. ती कुठं गेली असेल?

दोन दिवसांनी सभा भरली. आता लढणं पुरे, आता फुटबॉल बघायचा आहे, अशी भाषा तिथं निघाली, आणि नवा क्लब काढायचं ठरलं. जूनच्या अखेरीस विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे सगळ्यांच्या हक्काच्या मोकळ्या माळावर, खेळाडूंची निवड झाली. २३० जण आले. कुणी विटा लावणारा, कुणी शिकणारा. एएफसी विम्बल्डन या नावानं संघ नवव्या पातळीवरच्या कंबाइन्ड काउंटीज लीगमध्ये उतरला. पहिला मैत्रीपूर्ण सामना सटनला. ४–० नं हरलो. पण चार हजारांहून जास्त माणसं आली होती आणि रांगा संपेनात म्हणून सामना उशिरा सुरू करावा लागला. काकांनी तिथं एक कठडा शोधून काढला.

आता मी त्या गोष्टीकडं येतो जी मराठी माणसाला, त्यातून कोल्हापूरच्या माणसाला, चटकन कळेल. नव्या क्लबची मालकी ज्या डॉन्स ट्रस्टकडं आहे, ती संस्था सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे. एक सभासद, एक मत. ज्यानं हजार पौंड दिले त्यालाही एक मत, ज्यानं फक्त सभासदवर्गणी भरली त्यालाही एकच. १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी दुकान काढताना जे सूत्र धरलं, जे आपल्या दूध संस्थांपर्यंत, साखर कारखान्यांपर्यंत आलं, तेच इथं फुटबॉलला लावलेलं. पहिल्या वार्षिक सभेत थंड हॉलमध्ये ओळीनं बसलेली माणसं बघितली, मागच्या बाकावरनं एकजण तावातावानं उठला, अध्यक्षांनी त्याला खाली बसायला सांगितलं आणि तो बसला नाही, तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

त्यानंतर माझा शनिवार बदलला. सामना उरला, पण त्याच्याभोवती काम आलं. कुणी फाटकावर तिकिटं फाडायला, कुणी मैदानावरचे फलक रंगवायला, कुणी मासिक विकायला. मला अर्थातच हिशेब. नाण्यांनी भरलेल्या बादल्या टेबलावर ओतून मोजायच्या, दहाच्या दहाच्या चवडी लावायच्या. २००३ मध्ये किंग्स्टनमधलं किंग्समेडो मैदान चाहत्यांच्या पैशांनी घेतलं. फेब्रुवारी २००३ पासून डिसेंबर २००४ पर्यंत लीगमध्ये ७८ सामने संघ हरला नाही. २०११ मध्ये मँचेस्टरला पेनल्टींवर लुटनला हरवून आम्ही पुन्हा फुटबॉल लीगमध्ये आलो. जुन्या क्लबला तळापासून वर चढायला नऊ वर्षं लागली होती, नव्यालाही बाहेरून आत यायला नऊच लागली.

मालकी सुखाची असते असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. पूर्वी हरल्यावर मालकाला दोष देता यायचा. आता चांगला खेळाडू विकायचा तर ठरावाचा कागद आपल्याच हातात असतो. नव्या मैदानाचा खर्च वाढला तेव्हा बाहेरच्या गुंतवणूकदाराला मोठा वाटा द्यावा का, यावरून वाद पेटला. वीस वर्षं एका ओळीत बसणारी माणसं दोन ओळी सोडून बसू लागली. मी स्वतः एका जिवलग मित्राशी तीन महिने बोललो नाही. आकडे त्याच्या बाजूचे होते, हे मला हिशेबनीस म्हणून दिसत होतं, आणि तरी मी विरुद्ध मत दिलं. २०२० च्या सुरुवातीला चाहत्यांनी रोख्यांच्या रूपानं पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली आणि बहुमताचा वाटा ट्रस्टकडंच राहिला. माझ्या पायऱ्यांवरच्या दिवसांत एवढं भांडण कधीच नव्हतं. भांडण्यासारखं आमच्या हातात तेव्हा काही नव्हतं, म्हणून.

३ नोव्हेंबर २०२० ला आम्ही प्लाऊ लेनला परतलो. जुन्या जागेवर नव्हे. तिथून काही पावलांवर, जिथं कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या, त्या जागी नवं स्टेडियम उभं राहिलं. डॉनकॅस्टरविरुद्ध २–२. आणि स्टँड रिकामे, कारण कोविड. एकोणतीस वर्षं वाट पाहून मी तो सामना स्वयंपाकघरात लॅपटॉपवर बघितला. काका तोवर गेले होते. त्यांचं सभासदपत्र त्यांच्या लेकीनं मला दाखवलं होतं, पाकिटात बसपासच्या मागं ठेवलेलं, कडा झिजलेल्या.

जुन्या मैदानावर आता सदनिका आहेत. वसाहतीचं नाव रेनॉल्ड्स गेट, त्या चार गोलांच्या रेनॉल्ड्सवरून. तिथून जाताना मी अजून थांबतो. कांद्याचा वास नाही, पायऱ्या नाहीत. माझा जीव त्या पायऱ्यांत आहे आणि राहील. नव्या स्टेडियमच्या चकचकीत खुर्चीला ते प्रेम लावता येत नाही, मी प्रयत्न केला आहे. पण ती पायरी आमच्याकडून एका सहीनं गेली, आणि ही खुर्ची तशी जाणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वँडलला पूर आला, मैदानाचा एक कोपरा खचून मोठा खड्डा पडला. न्यूकॅसलविरुद्धचा सामना त्यांच्या मैदानावर हलवावा लागला. मदतीचे पैसे लोकांकडून येऊ लागले तेव्हा मी पुन्हा टेबलाशी बसलो, फक्त या वेळी नाणी नव्हती, पडद्यावरचे आकडे होते. पुढच्या मे महिन्यात वेम्बलीवर वॉलसॉलला हरवून संघ एक विभाग वर गेला.

आता कायद्यालाही हे कळलं आहे. २०२५ च्या फुटबॉल गव्हर्नन्स कायद्यानं इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियामक आला. मैदान विकायचं किंवा क्लब दुसरीकडं हलवायचा तर त्याची परवानगी लागते. हा कायदा २००२ मध्ये असता तर, हा विचार मी करत नाही. काका करायचे तसले विचार, आणि मग दिवसभर गप्प असायचे.

भारतातही असा आवाज उठला आहे. मोहन बागानच्या नावाआधी २०२० मध्ये 'एटीके' लागलं, तेव्हा कोलकात्याच्या चाहत्यांनी ते काढून टाका म्हणून तीन वर्षं फलक धरले. मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला संघानं विजेतेपद जिंकलं त्याच रात्री ते नाव हटवल्याची घोषणा झाली. चाहत्यांनी नाव परत मिळवलं. मालकीचा प्रश्न मात्र जिथल्या तिथं आहे, आणि मला भीती वाटते ती तिथंच.

गेल्या हंगामात कोल्हापूरला गेलो होतो. तालमीची पोरं आली, आता मोबाइलवर पैसे घेतात. 'पावती?' विचारलं तर म्हणाली, 'काका, मेसेज येतोय की.' मी म्हटलं, मेसेज नको, कागद दे, नाव लिहून दे. पोरानं शोधून पुस्तक आणलं. तुमच्या दारात असं पोरगं आलं, तर वर्गणी जरूर द्या, हात आखडू नका. पण देताना त्याला दोन गोष्टी विचारा: मंडळाची नोंदणी कुणाच्या नावानं आहे, आणि वार्षिक सभा कधी आहे. आणि त्या सभेला जा.