मोराखालचा राजा

नाशिकरोड

चि. मुक्ता,


आजोबांच्या अल्बममधल्या तिकिटाचा फोटो मिळाला. ‘मोर आहे म्हणजे आपलंच ना?’ असं तू विचारलंस. नाही गं. मोर आपला राष्ट्रीय पक्षी झाला १९६३ साली, आणि हे तिकीट त्याच्या वीसेक वर्षं आधीचं, ब्रह्मदेशातलं. तिथे मोर हे जुन्या राजघराण्याचं चिन्ह. पुढे स्वातंत्र्यवाद्यांनीही तेच उचललं.

फोटो मोठा करून बघ. मोराच्या काळ्या शाईखाली सहाव्या जॉर्जचा चेहरा दिसेल. म्हणजे तिकीट आधीचं, मोर नंतरचा. युद्धकाळातलं तिकीट ओळखताना मी नेहमी हे दोन थर वेगळे करतो. कागद कोणाचा ते आधी, त्यावर हक्क कोणी सांगितला ते मग.

कागदाचं उत्तर ऐकून तुला गंमत वाटेल. १ एप्रिल १९३७ ला ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा झाला. आधी आपल्याच तिकिटांवर ‘बर्मा’ छापून काम भागवलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांची स्वतःची तिकिटं निघाली, ती छापली आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये! तिकीट पालथं घालून तिरप्या उजेडात धर. वॉटरमार्कमध्ये हत्तीचं डोकं दिसलं तर ते याच मालिकेतलं. आपल्या तेव्हाच्या तिकिटांत तारे असत.

आता मोर. ८ मार्च १९४२ ला रंगून जपान्यांच्या हाती पडलं. त्यांच्याबरोबर बर्मा इंडिपेंडन्स आर्मीही आली होती. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातल्या म्यौंगम्या, प्यापोन, हेंझाडा या भागांत पोस्ट चालू करायचं, तर तिकिटं हवीत. नवी छापायला सवड नाही आणि इंग्रजांच्या राजाचं तोंड तर चालणार नाही. मग उरलेल्या साठ्यावर मोर उमटवला, राजा झाकला गेला आणि टपाल सुरू झालं.

जपानी कारभाराची तिकिटंही त्या अल्बममध्ये असतील. टपालखात्याचा प्रमुख यानो याने एका तिकिटावर चक्क स्वतःची खासगी मुद्रा छापली होती. नंतर खुद्द जपानची तिकिटं आणून त्यांवर नवी किंमत छापली, सप्टेंबर १९४२ मध्ये आण्या-रुपयांत आणि ऑक्टोबरपासून सेंटमध्ये. म्हणून जपानी तिकिटावर आणे दिसले की ते त्या थोड्या आठवड्यांतलं समजायचं. १ ऑगस्ट १९४३ ला जपानच्या छत्राखाली ‘स्वातंत्र्य’ जाहीर झालं, त्याचीही तिकिटं निघाली. १९४५ मध्ये इंग्रज परतले आणि १९३८ चीच चित्रं पुन्हा टपालात आली. या वेळी त्यांवर लष्करी प्रशासनाचं नाव इंग्रजी संक्षेपात होतं आणि राजाचा चेहरा उघडा होता. सात वर्षांत एकाच चित्रावर तीन सत्ता नांदल्या, मुक्ता. राज्य बदललं की आधी पोस्टाची खिडकी उघडावी लागते, आणि तिथे हाती असेल तो कागद चालवावा लागतो.

म्हणूनच जपून राहा. कागद खरा निघाला म्हणून हुरळू नकोस. १९३८ ची साधी तिकिटं स्वस्तात मिळतात आणि त्यांवर खोटा मोर मारणं फार अवघड नाही. मोराचे नमुने अनेक आहेत. पिसाऱ्याची ठेवण, पायांची रेघ, शाईचा पोत कॅटलॉगमधल्या चित्राशी ताडून बघ आणि मोठ्या किमतीची भाषा कोणी केली तर आधी तज्ज्ञाचं प्रमाणपत्र माग. पाकिटावर चिकटलेलं तिकीट असेल तर ते पाण्यात सोडवू नकोस. गाव, तारीख आणि सेन्सॉरची खूण पाकिटावरच राहते, अर्धा पुरावा तोच.

तुझ्या फोटोत कोपऱ्यात पोस्टाच्या शिक्क्याची कड दिसते आहे. तिथे भिंग लाव. शिक्का मोराच्या वर असेल तर पुढे बोलू. मोर शिक्क्याच्या वर बसला असेल, तर टपालातून जाऊन आलेल्या तिकिटावर तो कोणीतरी मागाहून बसवलाय. काय दिसतं ते कळव.

तुझा,
मामा