माझा कैदी

लहानपणापासून मीं मनांतल्या मनांत पुष्कळ व्यवसाय करून पाहिले आहेत. आगगाडीचा गार्ड झालों, सर्कशींतला विदूषक झालों, कांहीं काळ कीर्तनकारहि झालों. शेवटीं नशिबीं प्राध्यापकी आली. पण पंचावन्नाव्या वर्षीं आपण तुरुंगाधिकारी होऊं, आणि तोहि अशा कैद्याचा, कीं ज्याचा अपराध मला पाहून आनंदानें उडी मारणें एवढाच होता, हें माझ्या स्वप्नांतहि आलें नव्हतें.

मोत्या आमच्या घरीं आला त्याला आतां सात वर्षें झालीं. तो डॅशहाउंड जातीचा. अंग बाकासारखें लांब आणि पाय पाटाच्या पायांएवढे. या जातीचें नांव जर्मन आहे आणि त्याचा अर्थ ‘बॅजरचा कुत्रा’ असा होतो. बॅजर हा बिळांत राहणारा प्राणी. त्याच्या बिळांत शिरतां यावें म्हणून शिकाऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या निवड करून हें लांबट, बुटकें जनावर घडविलें. पुण्यांतल्या तिसऱ्या मजल्यावरील घरांत बॅजर कोठून असणार? तेव्हां मोत्यानें आपलें सारें शौर्य माझ्या स्वागतासाठीं राखून ठेविलें होतें. कॉलेजांतून परतून मीं कुलपांत किल्ली फिरविली, कीं तो कोचावरून खालीं, खालून पुन्हां कोचावर, आणि तेथून थेट माझ्या अंगावर झेप घेई. वर्गांतल्या जांभया मोजून घरीं आलेल्या माणसाला हें स्वागत किती गोड वाटतें, तें प्राध्यापकांसच कळेल! मीहि त्याला दारांतूनच चिथावीत असें.

गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं किल्ली फिरली, पण झेप आली नाहीं. मोत्या कोपऱ्यांत उभा होता. नाक जमिनीकडे झुकलेलें, पाठ कमानीसारखी वर आलेली. मीं हांक मारली तेव्हां त्यानें मान वळविली नाहीं. नुसते डोळे माझ्याकडे फिरविले. मानेचे स्नायू कातडीखालीं थरथरत होते. उचलण्यासाठीं मीं हात लावला मात्र, तो असा किंचाळला, कीं शेजारचीं माणसें धांवून आलीं. मीं गडबडीनें स्वतःच्या पाठदुखीच्या गोळ्या काढल्या. सुदैवानें पत्नीनें माझा हात धरला. “अहो, डॉक्टरांना विचारल्यावांचून कांहीं देऊं नका,” ती म्हणाली. पुढें समजलें, कीं आयबुप्रोफेनसारखीं माणसांचीं साधीं औषधें कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरूं शकतात. माझ्या मायेनें केलेला हा पहिला अपराध थोडक्यांत टळला. दुसरा टळावयाचा नव्हता.

पशुवैद्य डॉक्टरीणबाईंनीं मोत्याचे पंजे एकेक करून उलटे टेकविले. ते त्यानें चटकन् सरळ केलेले पाहून त्यांचा चेहरा जरा निवळला. “मानेंतल्या मणक्यांमधली गादी सरकली आहे असें दिसतें, सर. पण पायांत शक्ति आहे; तेव्हां घरीं सांभाळून पाहूं.” मग त्यांनीं मला एक छोटेंसें व्याख्यान दिलें, आणि तें ऐकतांना मला एकदांहि जांभई आली नाहीं. दोन मणक्यांमधल्या गादीचा गाभा मऊ असतो. या आखूड पायांच्या जातींत तो लहान वयांतच कोरडा आणि चुनखडीसारखा कठीण होऊं लागतो, आणि एखादे दिवशीं बाहेरचें वेष्टण फाडून मज्जारज्जूवर दाब आणतो. आखूड पाय आणि ही ठिसूळ गादी या दोहोंचा संबंध एकाच जनुकाच्या जादा प्रतीशीं आहे, असें संशोधकांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें. म्हणजे ज्या वारशानें मोत्याला त्याचे गमतीदार पाय दिले, त्याच वारशानें त्याच्या मानेंत हें दुखणेंहि ठेवून दिलें होतें.

सूज उतरविणारें एक औषध आणि मज्जातंतूंच्या वेदनेवरचें गॅबापेंटिन त्यांनीं लिहून दिलें. “पण खरें औषध पिंजरा,” त्या म्हणाल्या. “निदान चार आठवडे. आणि दुखणें थांबेल तेव्हांच जास्त जपा. वेदना ही त्याची पहारेकरीण आहे. आपण गोळी देऊन तिला निजवतों. मग पहारा तुम्हांला करायचा.”

अशा रीतीनें माझी नेमणूक झाली. उभें राहतां येईल, वळतां येईल आणि पाय पसरून निजतां येईल एवढाच तारेचा पिंजरा दिवाणखान्यांत आला. गळपट्टा खुंटीला गेला आणि त्याच्या जागीं छातीचा पट्टा आला. खातांना मान वांकूं नये म्हणून ताटली उंचावर ठेवावयाची होती. त्या कामीं मोल्सवर्थचा कोश तंतोतंत मापाचा निघाला. दिवसांतून चार वेळां एक हात छातीखालीं आणि एक मागल्या पायांखालीं घालून, पाठीचा कणा आडवा आणि सरळ राखून, मी त्याला तीन जिने उतरवीत असें, आणि विधि उरकतांच परत कोठडींत ठेवीत असें. रोज सकाळीं त्याची चाल पाहावयाची. पाय लटपटूं लागले, पंजा फरफटूं लागला किंवा लघवी अडली, तर एक क्षणहि न दवडतां दवाखाना गांठावयाचा, अशी ताकीद होती.

सहाव्या दिवसापासून वेदना थांबली. मोत्या ताठ मानेनें माझ्याकडे पाहूं लागला, आणि त्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न दिसूं लागला: “आतां कां?” आयुष्यभर मीं इतरांना कारणें समजावून देण्यावर पोट भरलें आहे. शेक्सपिअरचा हॅम्लेट विलंब कां लावतो, हें तास तास सांगणाऱ्या मला, अजून बावीस दिवस कां थांबावयाचें, हें त्या चार पायांच्या शिष्याला सांगतां येईना. नवव्या दिवशीं घरांत कोणी नसतांना मीं दार उघडलें. पांचच मिनिटें, माझ्या पायांशीं बसेल, असें म्हटलें. तो बाहेर आला, त्यानें अंग झाडलें, आणि मी पुढें होण्याच्या आंतच त्यानें कोचावर झेप घेतली.

ती किंकाळी मला अजून ऐकूं येते. त्या संध्याकाळीं त्याचा पुढचा डावा पाय टेकेना. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहींत, आणि तेंच मला अधिक लागलें. शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली. दोन दिवस वाट पाहण्याचें ठरलें. त्या दोन रात्री मी पिंजऱ्याशेजारीं चटईवर पडून त्याचा श्वास मोजीत होतों. दार उघडलें तें त्याच्यासाठीं नव्हे, हें मला तेथें कळलें. त्याच्या डोळ्यांतला प्रश्न मला सोसवेना, म्हणून मीं दार उघडलें होतें. आणि किंमत मात्र त्याच्या मानेनें दिली. तिसऱ्या दिवशीं पाय टेकला. दिवसांची मोजणी पुन्हां एकपासून सुरू झाली.

कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल ठेवावयास धर्मराजानें नकार दिला, ही कथा मी लहानपणापासून डोळे पुसून ऐकत आलों आहें. पण त्याला निदान इंद्राला नकार द्यावयाचा होता, कुत्र्याला नव्हे! प्रेमापोटीं जगाला ‘नाहीं’ म्हणणें सोपें असतें. ज्याच्यावर प्रेम, त्यालाच दिवसांतून वीस वेळां ‘नाहीं’ म्हणावयाचें, आणि तो आपल्याला निर्दय समजत असेल हें सोसावयाचें, हा अभ्यास मीं पंचावन्नाव्या वर्षीं प्रथमच केला.

पांचव्या आठवड्यांत दार उघडलें, तें आतां उघडेंच आहे. कोच मात्र भिंतीकडे तोंड करून उभा आहे, आणि छातीचा पट्टा कायमचा झाला आहे. कारण हें दुखणें पुष्कळ कुत्र्यांत उलटतें. मी आतां चोरासारखा घरांत शिरतों. किल्ली हळूच फिरवितों, हांक मारीत नाहीं, आधीं जमिनीवर बसतों आणि मगच त्याच्याकडे पाहतों. मोत्या चालत येतो, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकतो आणि स्वस्थ राहतो. त्यानें मला क्षमा केली, कीं त्याच्या लेखीं क्षमा करण्यासारखें कांहीं घडलेंच नव्हतें, हें मला कधींच कळणार नाहीं. मीं विचारणेंहि सोडून दिलें आहे.