श्रवणबेळगोळच्या पायऱ्या

वाचकहो, काही स्थळे आयुष्यात दोनदा पाहावीत. एकदा गुडघे शाबूत असताना, आणि पुन्हा एकदा ते कुरकुरू लागल्यावर. श्रवणबेळगोळची आमची दुसरी यात्रा नुकतीच घडली. तीत पायांपेक्षा स्मरणशक्तीचीच परीक्षा अधिक झाली, म्हणून ही हकीकत आपणांस सांगावीशी वाटते.

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात, बंगळूरपासून सुमारे १४५ किलोमीटरांवर हे जैन तीर्थ आहे. समोरासमोर दोन टेकड्या आणि त्यांच्या मधोमध एक तळे. ‘बेळगोळ’ म्हणजे धवल सरोवर. लहान टेकडी ती चंद्रगिरी; सम्राट चंद्रगुप्त मौर्याने राज्यत्याग करून आपले अखेरचे दिवस तेथे घालविले, अशी परंपरा सांगते. मोठी ती विंध्यगिरी. तिच्या माथ्यावर एकाच पाषाणातून कोरलेली, सुमारे ५७ फूट उंचीची बाहुबलीची, म्हणजेच गोमटेश्वराची मूर्ती उभी आहे. गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने ती इ. स. ९८१ च्या सुमारास घडविली.

आमची पहिली खेप १९८१ सालची. लग्नाला वर्षही झाले नव्हते. मूर्तीला एक हजार वर्षे झाल्यामुळे त्या फेब्रुवारीत महामस्तकाभिषेकाचा मोठा सोहळा झाला आणि तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हेलिकॉप्टरमधून मूर्तीवर पुष्पवृष्टी केली. ते दृश्य मी पायथ्याशी उभे राहून कसे पाहिले, हे मी पुढे मुलांना सांगितले, नातवंडांना सांगितले. एवढेच नव्हे, तर फुलांच्या केशरी रंगासह सांगितले.

विंध्यगिरीवर अनवाणी चढावे लागते. खडकातच कोरलेल्या पायऱ्या सहाशेहून अधिक आहेत, आणि ऊन चढले की त्या तव्यासारख्या तापतात. म्हणून आम्ही पहाटेच निघालो. पायथ्याशी डोलीवाल्यांनी आमच्याकडे मोठ्या आशेने पाहिले. मी त्यांना बाणेदार नकार दिला आणि शंभराव्या पायरीवर त्याबद्दल पश्चात्ताप पावलो. सुदैवाने या परिसरात पाचशेहून अधिक शिलालेख आहेत. त्यामुळे दम लागला की खडकावर वाकून एखादी कानडी ओळ न्याहाळीत राहण्याची सोय होते. कानडी मला वाचता येत नाही, हे सौभाग्यवतीने चारचौघांत सांगितले नाही, हे तिचे उपकार.

“मागच्या खेपेस पाचशेच पायऱ्या होत्या हो,” ती एका कठड्याशी टेकून म्हणाली. मी म्हटले, “मध्यंतरी बांधकाम खात्याने वाढविल्या असतील.” आणि विषय निघालाच आहे म्हणून, हेलिकॉप्टर कोणत्या बाजूने आले होते ते मी हात करून दाखवू लागलो.

“अहो,” ती शांतपणे म्हणाली, “आपण येथे आलो तेव्हा तो सोहळा होऊन आठ दिवस झाले होते. हासनच्या बसस्थानकावर तुम्ही मला वर्तमानपत्रातले छायाचित्र दाखविलेत. तेही काळेपांढरे. फुलांना केशरी रंग तुम्ही नंतर दिलात.”

मी मटकन पायरीवर बसलो. वाचकहो, हल्ली शेजाऱ्यांची नावे निसटतात, किल्ल्या हरवतात. वयाचा भाग म्हणून मी ते हसण्यावारी नेतो. पण न घडलेली गोष्ट इतकी लख्ख आठवावी, याचे मात्र मला भय वाटले. विसरलेले निदान विसरले आहे एवढे तरी कळते. हे कळणार कसे?

“मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?”

“मुलांना गोष्ट आवडत होती,” ती म्हणाली, आणि उठण्यासाठी तिने हात पुढे केला.

माथ्यावर पोचलो. राज्य जिंकून ते भावाला परत देणारा आणि पायांशी वारुळे उठेपर्यंत, अंगावर वेली चढेपर्यंत निश्चल उभा राहिलेला बाहुबली मंद हसत होता. बँकेच्या रांगेत दहा मिनिटे उभे राहताना आपण काय काय बोलतो, ते आठवून मी ओशाळलो. मूर्तीच्या पायांशी आपल्या मराठीतली अक्षरे आहेत : “श्रीचावुंडराजें करवियलें.” हा मराठीतला पहिला शिलालेख, असे आम्ही शाळेत घोकले होते. आता पुष्कळ अभ्यासक तो मान अलिबागजवळच्या आक्षी येथील शके ९३४ च्या लेखाला देतात. म्हणजे येथे माझे पाठांतर बिनचूक निघाले, तर उत्तरच बदललेले!

मूर्तीसमोर एका म्हातारीचीही प्रतिमा आहे. तिचे नाव गुळ्ळकायज्जी. कथा अशी की, चावुंडरायाने घड्यांमागून घडे दूध ओतले, तरी ते मूर्तीच्या मांड्यांखाली उतरेना. मग या अज्जीने फळाच्या एवढ्याशा कवचीतून आणलेले दूध वाहिले आणि ते थेट पायांपर्यंत पोचले. पहिल्या खेपेस ही प्रतिमा पाहिल्याचे मला मुळीच स्मरत नव्हते. सौभाग्यवतीला मात्र अज्जीच्या हातातली कवचीसुद्धा आठवत होती. तरुणपणी माझे लक्ष ५७ फुटांवर होते. तिचे या म्हातारीकडे गेले होते.

महामस्तकाभिषेक साधारणपणे बारा वर्षांनी होतो. मागचे १९९३, २००६ आणि २०१८ साली झाले. पुढचा २०३० च्या सुमारास यावा. तो हिशेब आम्ही दोघांनीही मनातल्या मनात केला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “त्या वेळी मात्र डोली करू.” मी होकार दिला.

संध्याकाळी मुक्कामावर मी वही काढली, तारीख घातली, पाहिले तेवढेच लिहिले आणि खाली साक्षीदार म्हणून तिची सही घेतली.